जुन्या डिझेल ट्रकला टर्बो लावायला गेलो आणि फसलो, पैसे देण्याआधी पंपाचं सील बघा

माझा ट्रक जुना आहे, सहा सिलिंडर, विना टर्बोचं (टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून आत जास्त हवा ढकलणारा पंखा), प्री-चेंबर म्हणजे डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटतं असं इंजिन. तक्रार म्हणाल तर एकच, लोड भरला की चढाला दम लागायचा, मागच्या गाड्या हॉर्न मारत पुढे निघून जायच्या आणि मी आपला दुसऱ्या गिअरवर रखडत. बाकी इंजिन एकदम शांत, ऑईल खात नव्हतं, सकाळी एका सेल्फला सुरू. असं इंजिन मी स्वतःच्या हाताने एका माणसाच्या ताब्यात दिलं हे अजून मनाला लागतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

तो माणूस टर्बो किट बसवून देणारा. बोलायला एकदम पक्का. म्हणाला दादा तुमच्या इंजिनात ताकद आहे, फक्त त्याला हवा मिळत नाहीये, टर्बो लावला की चढ लागलेला कळणार पण नाही आणि वर ॲव्हरेज ३० टक्के वाढेल. मी विचारलं जुन्या इंजिनाला झेपेल का, तर म्हणे टर्बो काय कालचा शोध आहे का, शंभर वर्षं झाली. आता हे खरंच आहे, आल्फ्रेड बुची नावाच्या स्विस इंजिनियरने १९०५ मध्येच याचं पेटंट घेतलं होतं. पण माझा प्रश्न टर्बो किती जुना आहे हा नव्हताच, माझं इंजिन त्याच्यासाठी बनलंय का हा होता, आणि तेच उत्तर त्याने शेवटपर्यंत दिलं नाही. माझ्या तेव्हा ते लक्षात आलं नाही, कारण त्याने खरी गोष्ट सांगितली म्हणून माझा बाकीच्यावर पण विश्वास बसला.

त्याने काय केलं ते नीट वाचा. गाडी सोडली तेव्हा माझा एअर फिल्टर बऱ्यापैकी चोंदलेला होता आणि सायलेन्सर पण जुना. त्याने टर्बोबरोबर नवा फिल्टर टाकला, मागे मोठा पाईप टाकला, आणि मला न सांगता डिझेल पंपाचा फुल लोडचा स्क्रू, म्हणजे जास्तीत जास्त किती डिझेल जाईल ते ठरवणारा, फिरवून डिझेल वाढवलं. मग रिकामी गाडी सरळ रस्त्यावर ट्रायलला दिली. गाडी उडाली हो अक्षरशः! शिट्टीचा आवाज येतोय, पिकअप आहे, मी खूश, तिथेच सगळे पैसे मोजून दिले. प्रत्यक्षात जो फरक मला जाणवला तो बहुतेक फिल्टरचा आणि वाढवलेल्या डिझेलचा होता, टर्बोचा नाही. तो टर्बो मुळात माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या इंजिनाचा होता, माझ्या इंजिनाचा धूर त्याला पुरेशा जोरात फिरवूच शकत नव्हता, म्हणजे खालच्या आरपीएमला, जिथे चढावर ताकद लागते, तिथे बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब, जवळजवळ शून्य.

मी म्हटलं बूस्टचा काटा आणि एक्झॉस्टच्या तापमानाचा काटा बसवून द्या. तर म्हणे दादा काटे बघत गाडी चालवणार का, कानाने कळतं सगळं. हे वाक्य कुणी तुम्हाला बोललं तर तिथून उठून या. पेट्रोल इंजिनात मिश्रण जरा जास्त पेट्रोलचं ठेवलं तर तापमान खाली येतं, डिझेलचं बरोबर उलट आहे, डिझेल जास्त टाकाल तेवढी आग जास्त, आणि हवा कमी पडली की काळा धूर आणि ती आग थेट पिस्टनच्या डोक्यावर. एक्झॉस्टचं तापमान साधारण ७०० अंश सेल्सियसच्या वर ठेवून सतत चालवू नये असं जाणते सांगतात, तेही टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर येतो त्या पाईपात मोजलेलं, टर्बोच्या नंतर मोजलं तर आकडा बराच कमी दिसतो आणि माणूस गाफील राहतो. अॅल्युमिनियम ६६० ला वितळतं. पिस्टन वाचतो तो फक्त जळता गॅस सतत लागत नाही आणि उष्णता रिंग, लायनर, ऑईलमधून निघून जाते म्हणून. माझ्याकडे काटाच नव्हता, मला काय कळणार.

लोड भरून पहिल्याच मोठ्या चढाला आरशात मागचं काही दिसेना एवढा काळा धूर. त्याला फोन केला तर म्हणे नवीन आहे, सेट होईल. तीन आठवडे मी ते सेट होण्याची वाट बघत बसलो. पाण्याचा काटा पूर्वी कधी हलायचा नाही तो वर चढायला लागला, क्लच घसरायला लागला. मग एक दिवस चढावरच शिट्टीचा आवाज बदलला, लोखंड घासल्यासारखा, आणि धूर काळ्याचा निळसर पांढरा झाला. मी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद केलं, आणि ते बंद झालं हे नशीब, कारण टर्बोतून ऑईल हवेच्या पाईपात गेलं तर डिझेल इंजिन त्या ऑईलवरच पळत सुटतं, चावी फिरवून पण थांबत नाही.

त्याचा फोन त्या दिवसापासून लागेना. मी गाडी दुसऱ्या एका वयस्कर पंप मिस्त्री काकांकडे ओढून नेली. त्यांनी टर्बोला हात लावायच्या आधी पंपाकडे बोट दाखवलं. म्हणाले हे सील कुणी तोडलं? त्या स्क्रूला तार आणि शिशाचं सील असतं, माझ्या पंपावर तार तुटलेली, शिसं नाही, आणि नटावर पान्याचे ताजे चकचकीत ओरखडे. मी रोज बॉनेट उघडत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं. पंपाला बूस्ट कॉम्पेन्सेटर पण नव्हता, म्हणजे बूस्ट आल्यावरच डिझेल वाढावं अशी सोयच नव्हती, हवा असो नसो डिझेल आपलं जास्तच.

मग टर्बो काढला. काकांनी हवेच्या बाजूचा पंखा दोन बोटांत धरून हलवला तर तो खडखडला, पात्यांच्या कडा घराला घासून गुळगुळीत झालेल्या. बाहेरून नवा चंदेरी रंग, पण नंबरपट्टी घासून कोरी केलेली. आणि खाली ऑईल परतीच्या पाईपाच्या तोंडाशी गॅस्केटऐवजी सिलिकॉन भरलेलं, त्याचा नखाएवढा लाल गोळा आत लोंबत होता. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि तो फक्त ऑईलच्या थरावर तरंगत असतो, त्या परतीच्या पाईपात प्रेशर नसतं, ऑईल आपल्या वजनाने खाली उतरायचं असतं. रस्ता अडला की ते टर्बोच्या शाफ्टच्या सीलमधून बाहेर पडणारच. तो गोळा काकांनी माझ्या तळहातावर ठेवला, मला बोलताच येईना.

हेड खोललं तर चौथ्या पिस्टनची कड वितळून खाल्लेली, रिंग अडकलेली. कंपनी जेव्हा टर्बो इंजिन काढते तेव्हा सहसा कॉम्प्रेशन (पिस्टन हवा किती पट दाबतो ते) कमी ठेवते, पिस्टनच्या पोटाला खालून ऑईलचा फवारा देते, वरच्या रिंगच्या खाचेत मजबूत धातू बसवते. माझ्या इंजिनाचं कॉम्प्रेशन २१ ला १, फवारा नाही, काही नाही. अशा इंजिनाला जास्तीत जास्त अर्धा बार, म्हणजे सात पीएसआयच्या आसपास बूस्ट द्यायचा, तोही योग्य मापाच्या टर्बोने आणि आधी कॉम्प्रेशन टेस्ट, ब्रीदरचा (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीचा) धूर वगैरे बघूनच, असं काकांचं म्हणणं. टर्बो वाईट नाही हेही तेच म्हणाले. उंच भागात तर उपयोगच आहे, दर १००० मीटरला हवा सुमारे १० टक्के विरळ होते, तिथे विना टर्बोची गाडी खरंच गुदमरते.

शेवटी तो माणूस सापडला तेव्हा काय म्हणाला? तुमचं इंजिनच जुनं होतं. जुनं आहे हेच तर मी पहिल्या दिवशी विचारत होतो! बिलावर फक्त 'टर्बो किट' लिहिलेलं, ना नंबर ना माप, पंपाला हात लावल्याचा उल्लेख नाही, गॅरंटी सगळी तोंडी. कुठे दाद मागायची तर हातात कागदच नाही.

म्हणून गाडी सोडण्याआधी पंपाच्या सीलचा फोटो काढून ठेवा, टर्बोच्या नंबरपट्टीचा पण, आणि पंपाला हात लावणार का ते बिलावर लिहून घ्या. टर्बो बसवण्याआधी पंखा स्वतः हलवून बघा, आत-बाहेर अजिबात हलता कामा नये. फिल्टर आधी बदला, त्यावर आठवडाभर चालवा, मगच ठरवा टर्बो हवाय का. ट्रायल भरलेल्या गाडीची घ्या, चढावर, काटे लावून, आणि त्यानंतरच पैसे.

माझ्या ट्रकला काकांनी नवा पिस्टन टाकला, पंप टेस्ट बेंचवर लावून मूळ मापावर आणला, नवं सील मारलं. फिल्टर नवाच आहे. परवा तोच लोड घेऊन तोच चढ चढलो, दुसरा गिअर, मागे धूर नाही, पाण्याचा काटा जागेवर.