मुंबई लोकलचं तिकीट: ॲप, एटीव्हीएम, खिडकी आणि टीसी

आधी हिशेब. विरार ते चर्चगेट सेकंड क्लासचं तिकीट 15 रुपये आणि महिन्याचा पास 315 रुपये. तिकीट नसताना पकडलं तर 250 रुपये दंड आणि 15 रुपये भाडं, मिळून 265. म्हणजे महिन्यातून एकदाच टीसीच्या हाती लागणारा ‘विदाऊट’ पासवाल्यापेक्षा 50 रुपयांनी फायद्यात राहतो. ठाणे ते सीएसएमटी पास 215 चा आणि तिकीट 10 चं. तिथे एकदा पकडलं की 260 जातात आणि पास स्वस्त पडतो. दादर ते सीएसएमटी पास 100 रुपयांचा, त्यामुळे तिथे फुकट्याचा हिशेब अजूनच बुडीत. विनातिकीट प्रवासाचा मोह अंतराबरोबर वाढतो तो असा. 250 चा हा आकडा 2004 पासून तसाच आहे. इतक्या वर्षांत वडापावही कुठून कुठे गेला!

हे आधी सांगायचं कारण, लोकलच्या स्टेशनला दारच नाही. पूल, जिने, फाटकं, फलाटाच्या टोकाच्या पायवाटा, कुठूनही आत या, कोणी अडवत नाही. त्यामुळे तिकीट विकणारी प्रत्येक सोय दोन कसोट्यांवर पाहायला हवी: प्रामाणिक माणसाला तिकीट किती पटकन मिळतं, आणि टीसी दिसल्यावर तिकीट काढणाऱ्याला ती किती वाव देते.

पहिलं, ॲप. 2014 च्या अखेरीस मुंबईत आलेलं यूटीएस क्रिसने, म्हणजे रेल्वेच्या माहिती प्रणाली केंद्राने बनवलं. 1 जुलै 2025 ला त्याच संस्थेचं रेलवन आलं आणि अनारक्षित तिकीट, पास, आरक्षण, गाडीची चौकशी एका जागी आली. यूटीएसचा जुना लॉगिन तिथे चालतो आणि आर-वॉलेट, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं रेल्वेचं पाकीट, तेही तेच. वॉलेटवर तीन टक्के बोनस मिळतो. बोनसपेक्षा मोठा फायदा वेगळा आहे. पुलाखालच्या गर्दीत यूपीआय अडकतं, बँकेतून पैसे जातात आणि तिकीट येत नाही. पैसे नंतर परत येतात, गाडी मात्र गेलेली असते. वॉलेटमध्ये शिल्लक असेल तर बँकेचा टप्पाच मधून निघून जातो. शंभर-दोनशे रुपये त्यात कायम ठेवावेत.

तिकीट काढताना दोन पर्याय दिसतात, पेपरलेस आणि छापील, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. पेपरलेस तिकीट ॲपमध्येच दाखवायचं, ते रद्द होत नाही. छापील निवडलं तर बुकिंग आयडी घेऊन एटीव्हीएमवर, म्हणजे स्टेशनवरच्या तिकीट यंत्रावर, किंवा खिडकीवर कागद काढावा लागतो. कागद न काढता नुसता आयडी किंवा मेसेज दाखवला, तर पैसे भरूनही तुम्ही विनातिकीटच. घाईत बोट चुकीच्या पर्यायावर पडतं आणि टीसीसमोर वाद सुरू होतो. वादात टीसी बरोबर असतो.

उपनगरी तिकिटावर तासाभरात प्रवास सुरू करायचा असतो, म्हणून सकाळी घरी बसून संध्याकाळचं काढून ठेवू नये. स्क्रीनशॉट ग्राह्य नाही. फोन बंद पडला तर ती जबाबदारी तुमची, नियमाने दंड लागतो. बॅटरी पंधरा टक्क्यांवर असेल तर सरळ कागद काढावा. फोन बदलणार असाल तर नव्या फोनवर लॉगिन करून पास उघडतोय ना ते आधीच बघून घ्या, फलाटावर शोधाशोध नको.

मार्गाचीही खुबी आहे. ठाण्याहून वाशीला तुर्भ्यावरून सरळ जाता येतं आणि कुर्ल्यावरून लांबच्या वाटेनेही. ॲप ‘व्हाया’ विचारतं, तिथे ज्या वाटेने जाणार तीच निवडायची. तुर्भ्याचं तिकीट घेऊन कुर्ल्याला सापडलात तर जादा भाडं लागू शकतं. बोरिवलीहून ठाण्याला जाताना दादरला गाडी बदलणाऱ्यांनीही हा रकाना नीट वाचावा.

आता ॲपचा सगळ्यात वादग्रस्त भाग, जिओफेन्सिंग. गाडीत बसून टीसी दिसल्यावर तिकीट काढता येऊ नये म्हणून रुळांच्या आणि स्टेशनच्या हद्दीत पेपरलेस तिकीट निघत नाही. सुरुवातीला रुळांपासून 30 मीटर दूर राहावं लागे, नंतर ते 15 मीटरवर आणलं. पूर्वी स्टेशनपासून किती किलोमीटरच्या आत असावं अशी बाहेरची मर्यादाही होती. 2024 मध्ये ती काढली, त्यामुळे घरून तिकीट काढणं सोपं झालं. आतली मर्यादा कायम आहे. हेतू बरोबर, मोजमाप ढोबळ. फोनचं जीपीएस उंच इमारतींच्या मधे, पुलाखाली किंवा पत्र्याच्या छपराखाली सहज वीस-तीस मीटर चुकतं, आणि सीमारेषा मात्र पंधरा मीटरची आहे. त्यामुळे रुळालगतच्या चाळीत घरात बसलेल्याला ‘तुम्ही स्टेशन परिसरात आहात’ असं उत्तर मिळतं. दादरच्या फुलबाजाराच्या बाजूने येणाऱ्याची हीच गत.

उपाय सोपा आहे. लोकेशन ‘हाय ॲक्युरसी’वर ठेवा, ॲप उघडण्याआधी मिनिटभर मोकळ्या आकाशाखाली थांबा, आणि तिकीट स्टेशनच्या दाराशी नको, आधीच्या चौकात काढा. नाही जमलं तर छापील पर्याय आहेच.

या कुंपणाला फाटक म्हणून क्यूआर कोड आणले होते. स्टेशनवर लावलेला कोड स्कॅन करा आणि हद्दीत असूनही तिकीट काढा. कल्पना छान, पण कोड स्थिर होता आणि स्थिर कोडचा फोटो काढता येतो. त्याची चित्रं लोकांच्या फोनमध्ये जाऊन बसली आणि टीसी डब्यात चढला की स्कॅन सुरू. रेल्वेने स्थिर कोड बंद करायचं ठरवलं ते याच गैरवापरामुळे. दर थोड्या वेळाने बदलणारा कोड पडद्यावर दाखवणं हे त्यावरचं तांत्रिक उत्तर, कारण जुना फोटो मग निरुपयोगी होतो.

जुन्या मुंबईकरांना यात सीव्हीएम कुपनं आठवतील, यंत्रात पंच केल्यावर तिकीट म्हणून चालणारी. खिशात कोरं कुपन ठेवायचं, पंच करायचं फक्त टीसीच्या भीतीने. तंत्र बदललं, पळवाट तीच राहिली.

एटीव्हीएम हे यंत्र दिसायला कळकट असलं तरी घाईच्या वेळी भरवशाचं आहे. स्मार्ट कार्ड रीडरवर ठेवा, नकाशावरून किंवा नावाने स्टेशन निवडा, किती माणसं आणि सिंगल की रिटर्न ते दाबा, छापा. तिकीट पूर्ण बाहेर येईपर्यंत कार्ड उचलायचं नाही. मधेच उचललं की व्यवहार अर्धवट राहतो. आता बऱ्याच यंत्रांवर पडद्यावरचा यूपीआय कोड स्कॅन करूनही पैसे देता येतात, पण रांगेतल्या मागच्यांचा विचार करून कार्डच बरं. नेहमीचे बिघाड दोन. एक, कागदाचा रोल संपलेला, म्हणून आधीच्या माणसाचं तिकीट नीट निघालं का ते बघून मगच रांगेत उभं राहा. दुसरा, टचस्क्रीन सरकलेला. ‘ठाणे’ दाबलं की शेजारचं स्टेशन निवडलं जातं, तेव्हा बोट थोडं बाजूला दाबावं लागतं. छापण्याआधी स्टेशनचं नाव वाचा. यंत्राशेजारी बसलेले फॅसिलिटेटर बहुधा निवृत्त रेल्वे कर्मचारी असतात, त्यांच्याकडे रोख देऊन तिकीट मिळतं आणि त्यांचा हात यंत्रापेक्षा जलद चालतो.

खिडकीबद्दल काय सांगायचं? सुटे पैसे न्या. पहिल्यांदा पास काढताना ओळखपत्र लागतं, आणि त्याचा क्रमांक पासवर नसेल तर पास अपुरा धरला जातो. तीन महिन्यांचा पास मासिकाच्या 2.7 पट, सहा महिन्यांचा 5.4 पट आणि वर्षाचा 10.8 पट. म्हणजे सरळ दहा टक्के सूट, आणि ती तीन महिन्यांनाच पूर्ण मिळते. वर्षाचा काढून जादा सवलत नाही, फक्त रांग वाचते.

उरला टीसी, या व्यवस्थेचं एकमेव चालतं-फिरतं फाटक. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 138 नुसार विनातिकीट प्रवाशाकडून भाडं आणि त्यावर जादा आकार घेतात. जादा आकार म्हणजे भाड्याइतकी रक्कम किंवा 250 रुपये, जे जास्त असेल ते. कुठे चढलात हे सिद्ध करता आलं नाही तर भाडं गाडी सुटली त्या स्टेशनापासून धरतात, आणि वाटेत तपासणी झाली असेल तर त्या ठिकाणापासून. सेकंड क्लासचा पास घेऊन फर्स्ट क्लासमध्ये बसलात तर फरकाची रक्कम आणि वर जादा आकार. पैसे दिले नाहीत तर दंडाधिकाऱ्यापुढे उभं राहावं लागतं, आणि तिथेही भरले नाहीत तर दहा दिवस ते एक महिना कैद होऊ शकते. फसवणुकीचा हेतू असेल तर कलम 137 लागतं: किमान 500 आणि कमाल 1000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. 2025 मध्ये एआय वापरून बनवलेले पासही पकडले गेले. तिथे प्रकरण रेल्वे कायद्यावर थांबत नाही, भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा नोंदतात.

एक तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते: एकट्या बाईला किंवा मुलाला तिकीट नाही म्हणून वाटेल तिथे उतरवता येत नाही. सुरुवातीचं किंवा शेवटचं स्टेशन, जंक्शन किंवा जिल्ह्याचं ठिकाण, तेही दिवसाउजेडी.

टीसींचं खरं हत्यार म्हणजे किल्लेबंदी: एका स्टेशनचे सगळे जिने आणि पूल एकाच वेळी अडवून तपासणी. ती प्रभावी ठरते, पण एका स्टेशनला डझनभर माणसं लागतात आणि बातमी पुढच्या गाडीतल्या ग्रुपवर आधी पोचते. मध्य रेल्वेने 2025 मध्ये ‘लकी यात्री’ योजनेतून उलट टोक धरून पाहिलं. टीसीने निवडलेल्या प्रवाशाकडे वैध तिकीट निघालं तर रोज 10,000 आणि आठवड्याला 50,000 रुपये बक्षीस. मजेशीर योजना, पण बक्षिसाची आशा धरणारा माणूस मुळात तिकीट काढणाराच असतो.

मेट्रोसारखी गेटं लावा, असं घाटकोपरला मेट्रो 1 मधून उतरून रेल्वेच्या पुलावर आलेला प्रत्येक जण म्हणतो. आकडे मांडून बघा. समजा एका गर्दीच्या लोकलमधून दादरला 2,000 माणसं उतरली, पुढची गाडी तीन मिनिटांत येते आणि एका गेटमधून मिनिटाला 30 जण जातात. तर एका फलाटाच्या फक्त या एका गाडीला 23 गेटं लागतील. पुलाच्या रुंदीत ती मावणार नाहीत, आणि मावली तरी चेंगराचेंगरीची भीती राहील.

दंड भरायची वेळ आलीच तर पावती मागा. तिला ईएफटी म्हणतात, म्हणजे जादा भाड्याचं तिकीट. टीसीचं ओळखपत्र बघण्याचा हक्क तुम्हाला आहे, पावतीशिवाय रोख देऊ नका. तिच्यावर भाडं आणि जादा आकार वेगवेगळे लिहिलेले असतात, आणि कुठून कुठपर्यंत तेही. तेवढं वाचून घ्या, कारण त्या स्टेशनापर्यंत तीच पावती तुमचं तिकीट असते. उतरल्यावर जिन्याखाली दुसरा टीसी उभा असू शकतो.