फुकटची मेटार साईट: चिकलठाण्यावरून मुंबईला उडणाऱ्यांसाठी

फ्लाईट सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ, खेळणाऱ्यांसाठी लिहायलोय, बाकीच्यांनी सोडून दिलं तरी चालतंय. मेटार म्हणजे विमानतळावरच्या आत्ताच्या हवामानाचा सांकेतिक अहवाल. आमचं गाव बदनापूरजवळ, म्हणून सिममधे आपलं घरचं विमानतळ संभाजीनगरचं चिकलठाणा, अन् नेहमीची फेरी मुंबई. सेस्ना 172 घेऊन दीड-पावणेदोन तास, पावसाळ्यात समोरून वारा असला की त्याच्याहून जास्तच.

जुलैत एकदा लाईव्ह वेदर (सिममधे खरं हवामान) चालू करून तसाच निघालो, मुंबईत काय चाललंय ते बघितलंच नाही. घाट ओलांडला अन् खाली नुसता पांढरा कापूस. आयएलएस (रनवेकडं नेणारा रेडिओ सिग्नल) पकडून उतरायलो, अल्टीमीटर, म्हणजे उंची दाखवणारा काटा, 500 फूट दाखवायलाय, म्हणजे अजून वेळ आहे म्हणून निवांत बसलो, अन् ढगातून बाहेर आलो तर घाटकोपरच्या इमारती चाकाला लागायच्या बेतात! गेलं विमान. अल्टीमीटर हवेच्या दाबावरून उंची काढतो, म्हणून तिथला दाब त्यात लावावा लागतो. नंतर कळलं की तो 1013 वरच ठेवला होता अन् मुंबईचं प्रेशर होतं 1001. एका हेक्टापास्कलला 27-28 फुटांचा फरक पडतो, म्हणजे बारा गुणिले तेवढं धरलं तर मी खरा होतो जेमतेम पावणेदोनशे फुटांवर.

तिथून ही साईट धरली. एव्हिएशन वेदर डॉट जीओव्ही, अमेरिकेच्या हवामान खात्याची आहे पण जगातली बहुतेक मोठी विमानतळं मिळतात. विमानतळाचा चार अक्षरी कोड टाकायचा, मुंबईचा व्हीएबीबी अन् आपल्या चिकलठाण्याचा व्हीएएयू, की ताजा मेटार समोर. लॉगिन नाही, पैसे नाहीत, अन् पान इतकं हलकं की शेतात एक काडी रेंज असली तरी उघडतं. याआधी एक पैसेवालं ॲप घेतलं होतं, नाव घेत नाही, त्यात ढग लई सुंदर हलायचे पण मेटार दोन-दोन तास शिळा असायचा. काय करायचं असल्या ढगांचं.

मेटार पहिल्यांदा बघितला की विजेच्या बिलासारखा वाटतो, चार दिवसात जमतं. 25018जी28 म्हणजे वारा 250 अंशावरून 18 नॉटचा, झटके 28 पर्यंत. मुंबईला असा वारा म्हणजे रनवे 27, म्हणजे पश्चिमेकडं तोंड करून उतरायचं, आपण पूर्वेकडूनच येतो म्हणून सरळ समोर, चक्कर मारायची गरज नाही. आरए म्हणजे पाऊस. बीकेएन 010 म्हणजे 1000 फुटांवर बऱ्यापैकी भरलेले ढग. क्यू 1001 म्हणजे हवेचा दाब, हा तोच आकडा ज्यानं माझं विमान खाल्लं, आता तो कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवतो. डिकोडेड वर टिक केलं की सगळं फोडून दाखवतं, तेही इंग्रजीतच म्हणा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून इथं सांगतो, ढगाची उंची विमानतळाच्या जमिनीपासून असते, समुद्रापासून नाही. मुंबईत फरक पडत नाही, पण परत येताना चिकलठाणा पडलं 1900 फुटांच्या वर, तिथं बीकेएन 010 असलं तर अल्टीमीटरवर ते ढग 2900 ला लागणार. मी दोनदा फसलोय यात.

वेळेचा घोळ मात्र आहे. सगळं झेड टाईममधे, म्हणजे जगभर एकच धरलेल्या यूटीसी वेळेत, त्यात साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे 0830 झेड म्हणजे आपले दुपारचे दोन. सुरुवातीला मी सकाळचा मेटार समजून दुपारचा वाचत होतो. आणखी एक, सिमचं हवामान अन् मेटार दरवेळी जुळतंच असं नाही, मेटारमधे मुसळधार अन् स्क्रीनवर कोरडं ठाक असंही झालंय, पण तो दोष सिमचा, साईटच्या माथी मारायचा नाही.

वडील एकदा मागं उभे राहून बघायले. म्हणले, "इथं पंधरा दिवस झाले टिपूस नाही, कापूस माना टाकायलाय, अन् तू मुंबईच्या पावसाची चौकशी करायलास?" मग म्हणले चिकलठाण्याचं बघ. बघितलं, वाचून दाखवलं. "आत्ता काय चालूय ते मला बी आभाळाकडं बघून दिसतंय रे, उद्याचं सांग." बरोबरच होतं त्यांचं, मेटार म्हणजे आत्ताचं निरीक्षण, अंदाज नव्हे. अंदाजासाठी तिथंच टॅफचा पर्याय आहे, मुंबईचा 30 तासांचा मिळतो. त्यात टेम्पो लिहिलेलं असलं म्हणजे मधूनमधून तेवढ्यापुरतं बिघडणार. मी निघायच्या आधी पोचायच्या वेळेचा टॅफ बघतो, अन् निम्म्या वाटेवर परत एकदा मोबाईलवर मेटार, कारण दीड तासात मुंबईचा पाऊस कुठून कुठं जाईल सांगता येत नाही. पुण्याचाही बघून ठेवतो, मुंबई बंद झाली तर वळायला.

साईटला पाचातले साडेचार गुण. अर्धा कापला तो झेड टाईमसाठी. आमच्याकडं लाईट सहाला जाते, त्याच्या आत फेरी उरकायची म्हणलं की डोक्यात साडेपाच मिळवत बसायला वेळ नसतो.