डोंगर, नदी की जंगल? वर्षभर फोटो काढण्यासाठी काय निवडावं

निसर्गाचे फोटो मन लावून काढायचे ठरवलं की जाणकारांकडून एक सल्ला हमखास मिळतो: एकच जागा धरा आणि सगळ्या ऋतूंत तिथेच जात राहा. सल्ला सोळा आणे खरा आहे. दर मोसमात नव्या प्रसिद्ध ठिकाणी धावणाऱ्यापेक्षा एकाच ओढ्याकाठी बारा महिने फिरणारा जास्त शिकतो, कारण ऊन कधी कुठून येतं आणि धुकं कुठे साचतं हे त्याला तोंडपाठ होतं. पण जागा कसली धरायची? डोंगर, नदी की जंगल?

बहुतेक जण आवडीवर जातात. आवड तर तिन्हींची असते, म्हणून मला ही कसोटी पुरेशी वाटत नाही. तिघांना लागणारा उजेड वेगवेगळा आहे. तुम्हाला कोणत्या वेळी आणि कसल्या हवेत घराबाहेर पडता येतं ते आधी पाहा, निवड त्यावर करा. ज्याला पहाटे निघणं शक्यच नाही त्याने डोंगर निवडला तर वर्षभर तो चुकीच्या उजेडात बरोबर जागी उभा राहील.

डोंगर

डोंगराला तिरकं ऊन लागतं. सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा प्रत्येक घळीत सावली भरते, प्रत्येक धारेला उठाव येतो. तोच सूर्य डोक्यावर आला की भलामोठा कडासुद्धा सपाट दिसतो. म्हणजे हाताशी उरतो तो सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा तासभर. त्याच्या अलीकडची-पलीकडची झुंजूमुंजू वेळही सोडू नये. सूर्याच्या विरुद्ध दिशेला क्षितिजावर निळसर करडा पट्टा आणि त्यावर गुलाबी झाक दिसते. तो निळसर पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली. सुळक्यांच्या मागे ती असताना मिळणारा रंग दिवसभरात परत दिसत नाही.

दुसरी गोष्ट नवशिक्यांच्या लक्षात उशिरा येते. सूर्य रोज एकाच जागी उगवत नाही. विषुववृत्तावरसुद्धा वर्षभरात उगवतीची जागा सुमारे 47 अंशांनी सरकते, 40 अक्षांशावर तर 60 अंशांहून जास्त. त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी झळाळणारा कडा हिवाळाभर सावलीत राहू शकतो. डोंगर निवडताना त्याची उंची किती यापेक्षा त्याचं तोंड कुठे आहे हे महत्त्वाचं. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सने अमेरिकेतल्या योसेमिटी खोऱ्यातल्या हाफ डोम या कड्याचा गाजलेला कृष्णधवल फोटो 10 एप्रिल 1927 रोजी काढला, तो पहाटे नव्हे, दुपारी. त्या कड्याचं तोंड वायव्येला आहे. तो पोचला तेव्हा कडा सावलीत होता, म्हणून ऊन फिरून त्यावर येईपर्यंत तो थांबला. पिवळा फिल्टर (लेन्सपुढची रंगीत काच) लावून एक प्लेट (फिल्मऐवजी वापरायची काच) घेतल्यावर त्याला जाणवलं की आकाश फिकं पडणार. मग शेवटच्या प्लेटला त्याने गडद लाल फिल्टर लावला आणि आकाश जवळजवळ काळं झालं.

ऋतूंचं म्हणाल तर डोंगराचे सर्वांत चांगले दिवस पाऊस उघडताना येतात. ढग फाटतात, हवा धुतलेली असते, अर्ध्या डोंगरावर ऊन आणि अर्ध्यावर सावली. ते काही मिनिटं टिकतं, आणि त्या काही मिनिटांसाठी दिवसभर भिजावं लागतं. उन्हाळ्यात हवेत धूसरपणा असतो. बरेच जण त्या दिवसांत कॅमेरा कपाटात ठेवतात, ते मला पटत नाही. सूर्याच्या दिशेने तोंड करून 100 ते 200 मिमीची, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स लावली की त्याच धूसरपणामुळे एकामागे एक रांगा वेगळ्या होतात. जवळची गडद, पुढची निळसर, त्यापुढची आणखी फिकट. वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सने ही मजा निघत नाही, डोंगर क्षितिजावर ठिपक्याएवढा होतो.

बर्फ असेल तर कॅमेऱ्याच्या मीटरवर, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्रणेवर विसंबू नका. मीटर समोरचं सगळं मध्यम करडं समजतो, म्हणून बर्फही करडा उतरतो. उजेड एक ते दोन स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, उजव्या कडेला कापला जात नाही ना ते बघा. थंडीत बॅटरी पटकन उतरते, तेव्हा जादाची अंगाशी, आतल्या खिशात ठेवावी.

जंगल

जंगलाचं गणित डोंगराच्या नेमकं उलट. इथे लख्ख ऊन शत्रू आहे. पानांतून गळणारे कवडसे डोळ्यांना सुंदर दिसतात, पण कॅमेऱ्यात ते पांढरे डाग होतात आणि बाकीचं काळं पडतं. जंगलाला ढगाळ हवा हवी, रिमझिम हवी, धुकं तर हवंच हवं. म्हणून ज्याला सुट्टीच्या दिवशी भरदुपारीच वेळ मिळतो त्याच्यासाठी जंगल उत्तम. आभाळ भरून आलेलं असेल तर दुपारी बारा आणि दुपारी चार यांत फारसा फरक नसतो.

तिघांत हे सर्वांत अवघडही आहे. डोंगराला आकार आयता असतो, जंगलाला तो शोधावा लागतो. समोर खोडं, वेली, वाळक्या फांद्या, झुडपं, सगळं एकदम. पहिल्या दोन-तीन खेपांत फोटोत नुसता गोंधळ येतो, आणि खूप जण इथेच कंटाळतात. धुकं हा गोंधळ सोडवतं, कारण मागची झाडं पुसली जातात आणि पुढचं एक झाड उभं राहतं. धुकं नसेल तर 50 ते 100 मिमीची लेन्स लावून चौकट लहान करावी. पानांच्या छतातून दिसणारे आभाळाचे पांढरे तुकडे आधी चौकटीबाहेर काढावेत. एवढ्याने निम्मं काम होतं. धुक्यातही मीटर बर्फासारखाच फसतो, तेव्हा साधारण एक स्टॉप वाढवावा.

जंगलासाठी एकच वस्तू घ्यायची असेल तर पोलरायझर घ्या, म्हणजे लेन्सपुढे लावून फिरवायचा, चकाकी कापणारा फिल्टर. लोक तो निळं आकाश गडद करायला वापरतात, पण त्याची खरी किंमत ओल्या पानांवर कळते. पाऊस थांबल्यावर पानाजवळ जाऊन पाहा. त्याच्या पृष्ठावर आकाशाची पांढुरकी चकाकी असते आणि पानाचा हिरवा त्याखाली दबलेला असतो. पोलरायझर हळूहळू फिरवा. चकाकी विरघळत जाते, शिरा दिसू लागतात, मागच्या शेवाळलेल्या दगडाचाही रंग भरतो. ही करामत नंतर संगणकावर नीट साधत नाही, कारण चकाकीखालचा तपशील फोटोत टिपलेलाच नसतो. मोबदला म्हणून दीड-दोन स्टॉप उजेड जातो. दाट झाडीत आधीच उजेड कमी, त्यात हे. ट्रायपॉड लागतो, आणि वारा असेल तर ट्रायपॉडही कामाचा नाही, कारण पानं हलतात. तेव्हा आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) 800 पर्यंत न्यावा, म्हणजे फोटो कमी वेळात टिपला जातो. थोडे दाणे आले तरी चालतील, पण पान हललं की फोटो गेला.

ऋतूंचे बदल जंगलात सर्वांत ठळक दिसतात, मात्र ते जंगल पानगळीचं हवं. पालवीचे दिवस मोजके असतात. कोवळं पान पातळ असल्याने मागून ऊन आलं की आतून उजळतं, आणि जंगलात ऊन चालतं ते फक्त या वेळी. पानगळीआधी पानातलं हरितद्रव्य मोडतं, तेव्हा आधीपासून असलेला पिवळा उघडा पडतो. काही झाडांत लाल रंगद्रव्य नव्याने तयार होतं. थंड रात्री आणि उन्हाचे दिवस मिळाले तर लाल जास्त खुलतो. पानं गळून गेल्यावरचे दिवस मला सर्वांत जवळचे, कारण तेव्हाच झाडाची खरी ठेवण कळते. सदाहरित जंगलात वर्षभर जाणार असाल तर बदल पाण्यात, शेवाळात आणि धुक्यात शोधावा लागेल.

नदी

नदी दोन्ही उजेड घेते, म्हणून सुरुवात करणाऱ्याला मी नदीच सुचवतो. ढगाळ हवेत खळाळ, दगड आणि काठचं गवत. पहाटे वाफ, संध्याकाळी प्रतिबिंब. शिवाय ती रोज बदलते. डोंगरावर सलग आठवडाभर एकसारखं निळं आभाळ असेल तर फोटो एकसारखेच येतात, नदीत मात्र वीतभर पाणी उतरलं तरी नवे दगड वर येतात आणि प्रवाहाची वळणं बदलतात.

सकाळची वाफ वेळापत्रकात बसवता येते. पाणी अजून उबदार आणि वरची हवा अचानक थंड झालेली, अशी स्थिती आली की पाण्यावर वाफेचे धागे उठतात. पावसाळा सरून थंडी लागते त्या दिवसांत निरभ्र, बिनवाऱ्याची रात्र गेली की पहाटे नदीवर जावं. ऊन तिरकं आणि समोरून आलं तर वाफ पेटल्यासारखी दिसते. ऊन चढलं की खेळ संपतो.

प्रतिबिंबाचा एक प्रकार मात्र भर उन्हात मिळतो. नदी अरुंद घळीतून जात असेल, पाणी सावलीत असेल आणि समोरच्या उंच काठावर ऊन असेल, तर पाण्यात सोनेरी पट्टे उतरतात. मधल्या लाटांवर निळं आकाश. काठावरचा खडक प्रत्यक्षात मातकट असतो, पाण्यात तो वितळलेल्या धातूसारखा होतो. छायाचित्रकार इलियट पोर्टरने 1960 नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतल्या ग्लेन कॅन्यनमध्ये असे रंग टिपले. 1963 मध्ये तिथल्या धरणाचे दरवाजे बंद झाले आणि ती खोरी लेक पॉवेलच्या पाण्याखाली गेली. नदीकाठी काम करणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. डोंगर थांबतो, नदी थांबेलच असं नाही.

नदीवर सर्वांत जास्त चर्चा होते ती शटर स्पीडची, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड किती वेळ घ्यायचा याची. पाण्याचं दूध करून टाकायची आवड मला नाही. वेगाच्या पाण्याला 1/4 ते 1/2 सेकंद पुरतो. धार वाहती दिसते आणि तिच्यातले पदर राहतात. 30 सेकंदांत धबधब्याची नुसती पांढरी चादर होते, मग तो कुठलाही धबधबा असू शकतो. दीर्घ एक्सपोजर खरं शोभतं ते डोहात. डोहाच्या कडेला फेसाचा एखादा पुंजका गरगरत असतो, तो डोळ्यांना जेमतेम जाणवतो. 20-30 सेकंद शटर उघडं ठेवलं की त्याच पुंजक्याचं पूर्ण वर्तुळ उमटतं. यासाठी एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी करडी काच लागते. 6 स्टॉपचा फिल्टर वेळ 64 पट करतो आणि 10 स्टॉपचा सुमारे हजार पट. म्हणजे एरवी 1/30 सेकंद लागत असेल तिथे पहिल्याने दोन सेकंद होतात, दुसऱ्याने अर्ध्या मिनिटाहून थोडं जास्त. एकच घ्यायचा तर 6 चा घ्या. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र; आकडा मोठा तितकं ते लहान) एफ 22 पर्यंत बंद करून वेळ वाढवायचा मोह टाळावा, एफ 16 च्या पुढे फोटो मऊ पडू लागतो.

पूर आलेली नदी फोटोत बहुधा निराश करते. गढूळ पाणी, बुडालेले दगड. पूर ओसरल्यानंतरचा आठवडा, पाणी निवळतं पण जोर टिकून असतो, तो धरावा. उन्हाळ्यात पाणी आटतं तेव्हा तळाचे रांजणखळगे, तडकलेला चिखल आणि उरलेली डबकी मिळतात. नदीवर असा रिकामा ऋतू मला अजून सापडलेला नाही.

मग कोणी काय घ्यावं

पहाटे उठायची तयारी आहे, चालायची ताकद आहे आणि दहा वेळा रिकाम्या हाताने परतायचं मन आहे, त्याने डोंगर घ्यावा. डोंगर घराच्या गच्चीवरून दिसत असेल तर मग विचारच करू नका, कारण रोज बघता येणं हा मोठा फायदा आहे. दुपारीच मोकळे असाल, एकटं रेंगाळायला आवडत असेल आणि पहिले काही महिने हाती काही लागलं नाही तरी चालणार असेल, तर जंगल. दोन्हींबद्दल मनात शंका असेल त्याने नदी घ्यावी. फक्त मोबाइल असेल त्यानेही नदीच, कारण डोंगराच्या रांगा लांबच्या लेन्सशिवाय जमत नाहीत आणि दाट जंगलातला अंधार मोबाइलला झेपत नाही.

नदी ठरली, तर पहिली खेप पाणी सर्वांत कमी असताना करावी. काठाने चालत जाऊन पाच-सहा जागा हेरा. प्रत्येक ठिकाणी जवळचा एक दगड आणि लांबचं एक झाड एका रेषेत धरून फोटो काढून ठेवा, ट्रायपॉड किती उंच होता तेही लिहा. 1977 मध्ये छायाचित्रकार मार्क क्लेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पश्चिम भागाच्या एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षणांत काढलेल्या छायाचित्रांच्या जागा पुन्हा शोधल्या, तेव्हा ऋतू आणि दिवसाची वेळही जुन्या फोटोंशी जुळवली. तुम्हाला शंभर वर्षांचं अंतर जोडायचं नाही, पण जवळ-दूरच्या खुणांची रेषा जुळली तरच दोन ऋतूंचे फोटो शेजारी ठेवता येतात.

वर धरण आहे का आणि पाणी कधी सोडतात, हेही त्याच खेपेत गावकऱ्यांना विचारून घ्या. पात्रात उभे असताना निवळ पाणी अचानक गढूळ झालं किंवा काटक्या-पाचोळा वाहत येऊ लागला, तर ट्रायपॉड आवरायला थांबू नका, आधी काठावर चढा.