स्केटिंग शिकणाऱ्या मुलींच्या पालकांनी आधी वाचावे असे पुस्तक

मुंबईत फिगर स्केटिंगची आवड असलेली बहुतेक मुले चाकांच्या स्केट्सवरच सुरुवात करतात आणि त्यांचे पालक लगेच तंत्राची पुस्तके शोधू लागतात. मी मात्र त्यांच्या हाती आधी अमेरिकी पत्रकार जोन रायन यांचे १९९५ साली प्रसिद्ध झालेले ‘लिटल गर्ल्स इन प्रिटी बॉक्सेस’ देईन. जिम्नॅस्टिक्स आणि फिगर स्केटिंगमध्ये पदकांच्या हव्यासापायी कोवळ्या मुलींवर काय काय लादले जाते, याचा हा निर्भीड धांडोळा आहे. वजनाबद्दल एका पंचाने मारलेला शेरा मनाला लावून घेतलेली जिम्नॅस्ट क्रिस्टी हेनरिक अन्न टाळत खंगत गेली आणि १९९४ मध्ये, अवघ्या २२ व्या वर्षी दगावली. हा भाग वाचल्यावर मुलीच्या ताटाकडे पाहून काही बोलण्याआधी आईवडिलांची जीभ नक्कीच अडखळेल.

पुस्तकाचा भर जिम्नॅस्टिक्सवर अधिक आहे आणि फिगर स्केटिंगमध्ये पंचांनी ६.० पैकी गुण देण्याची त्या काळची पद्धतही आता इतिहासजमा झाली आहे. तरीही आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने वरिष्ठ गटाची किमान वयोमर्यादा १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ करण्याचा निर्णय २०२२ मध्ये घेतला, यावरून रायन यांची तळमळ किती रास्त होती हे कळते.

प्रशिक्षकांनी याच्या जोडीला संघटनेच्या संकेतस्थळावरील नियमपुस्तिका अवश्य वाचाव्यात. उदाहरणार्थ, लुट्झ ही उडी स्केटच्या पात्याच्या बाहेरच्या धारेवरून आणि फ्लिप ही उडी आतल्या धारेवरून घ्यायची असते. धार चुकली की गुण कापले जातात.