जुन्या लॅपटॉपवर कोम्गा : आठ महिन्यांनंतर

कोम्गा म्हणजे आपल्याच संगणकावर ठेवलेली कॉमिक्स घरातल्या कोणालाही ब्राउझरमध्ये वाचू देणारा सर्व्हर. बाबांच्या ट्रंकेतून इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक काढले, तेव्हा तीन अंकांना कसर लागली होती. उरलेल्या सत्तरेक अंकांच्या पिना काढून ३०० डीपीआयवर स्कॅन केले. 'सीबीझेड' या कॉमिक्सच्या फाइल-प्रकाराला मी उगाच घाबरत होतो. ती साधी झिप फाइल असते. आत पानांची चित्रं, फक्त शेपटीचं नाव वेगळं.

बिजागरी मोडलेला ४ जीबीचा लॅपटॉप पडून होता. त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि डॉकर (तयार डब्यात प्रोग्रॅम चालवायचं साधन) टाकलं. कोम्गाला दोन फोल्डर दाखवायचे, एक त्याच्या डेटाबेससाठी आणि एक कॉमिक्ससाठी. मग ब्राउझरमध्ये लॅपटॉपच्या पत्त्यापुढे २५६०० हा पोर्ट (कोम्गाचा दरवाजा-क्रमांक) घालून उघडायचं. एका संध्याकाळचं काम. जावावर चालत असल्यामुळे मेमरी बऱ्यापैकी खातं, पण माझ्या पसाऱ्याला पुरलं. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपायचा, ते सेटिंग तेवढं बदलावं लागलं. वीज गेली तर बॅटरी सांभाळते. राउटर बंद पडतो तो भाग वेगळा, पण निदान डेटाबेस अर्धवट लिहिताना तुटत नाही.

खरी हमाली फोल्डरांची. मी हौसेनं वर्षवार फोल्डर केले होते. कोम्गा ज्या फोल्डरात थेट फाइली असतात, त्या प्रत्येकाला एक मालिका समजतं. त्यामुळे पडद्यावर '१९७८', '१९७९' अशा मालिका उगवल्या आणि वेताळ हा नायक कुठे सापडेना. सगळं मोडून नायकानुसार लावलं. त्यात सुरुवातीच्या अंकांवर साधा क्रमांक, नंतरच्यांवर खंड आणि त्या खंडातला क्रमांक. फाइलींच्या नावांत दोन्ही घातले, शून्यं जोडून, तेव्हा कुठे रांग सरळ झाली. दोन रविवार गेले.

त्याहून मोठा गाढवपणा पुढे. कथेचं नाव, चित्रकार, टिपा हे सगळं मी कोम्गाच्या पडद्यावरच भरत बसलो. ते फक्त डेटाबेसमध्ये राहतं, कॉमिकच्या फाइलीत उतरत नाही. चौथ्या महिन्यात आवराआवर करताना मी तो डेटाबेसचाच फोल्डर उडवला. कॉमिक्स शाबूत, माहिती आणि वाचनखुणा गेल्या. आता कॉमिकटॅगर या माहिती भरायच्या प्रोग्रॅमनं प्रत्येक सीबीझेडमध्ये कॉमिकइन्फो नावाची एक्सएमएल फाइल घालतो. कोम्गा ती आपणहून वाचतं, आणि उद्या 'कविता' (Kavita, असाच दुसरा सर्व्हर) किंवा आणखी काही वापरावंसं वाटलं तरी मेहनत फाइलीबरोबर जाते. डेटाबेसची प्रत दर आठवड्याला पेन ड्राइव्हवर.

घरात तीन खाती आहेत. प्रत्येकाची वाचनखूण वेगळी राहते, आणि कोणाला कोणतं कपाट (कोम्गातला संग्रह) दिसावं हेही ठरवता येतं. भाचीच्या खात्याला मी फक्त मुलांचं कपाट दिलंय. बाहेरगावाहून वाचायला टेलस्केल, म्हणजे आपल्याच उपकरणांना जोडणारं खासगी नेटवर्क. राउटरचा पोर्ट जगाला उघडून ठेवायची माझी छाती नाही.

बाबा टॅबवर ब्राउझरमध्येच वाचतात. पहिल्याच दिवशी म्हणाले, "अरे, हे आपले अंक नव्हेत. इतके पांढरे कधी होते?" मी स्कॅन उजळून पिवळेपणा काढला होता. मूळ स्कॅन ठेवले होते, म्हणून निभावलं. पिवळी पानं परत घातलीत. वीसेक अंक अजून बाकी आहेत.