कोलॅबच्या नावाखाली रेक्झिन

परफेक्टो हे शॉट कंपनीचं तिरक्या झिपचं बाइकर जॅकेट 1928 सालचं, न्यूयॉर्कचं. सुप्रीम हा स्ट्रीटवेअर ब्रँडही तिथलाच. दोघांनी मिळून काढलेली, म्हणजे 'कोलॅब', जॅकेटं सेकंडहँडमध्ये महाग जातात, म्हणून नकलाही त्यांच्याच निघतात.

असं एक 'कोलॅब' जॅकेट पुण्यात फेब्रुवारीत 38,000 रुपयांना विकलं गेलं. 5,000 टोकन यूपीआयनं, बाकीचे कोरेगाव पार्कातल्या कॅफेत रोख. जुलैत कॉलरचे पापुद्रे सुटून खालचं कापड दिसू लागलं. विकणाऱ्याचा नंबर तोवर बंद.

खरी गोम 'कोलॅब' या शब्दातच आहे. लेबल वेगळं का? कोलॅब आहे. झिप वेगळी? कोलॅब आहे. हलकं वाटतं? 'स्ट्रीट फिट' आहे! जाड गाईच्या चामड्याचं परफेक्टो दोन-अडीच किलो तरी भरतं. हे वाण्याच्या काट्यावर 1,150 ग्रॅम भरलं.

घेताना लायटर फिरवून दाखवला होता, पाण्याचा थेंबही टाकला होता. दोन्ही चाचण्या बिनकामाच्या. ज्योत क्षणभर फिरली तर पीयू (पॉलियुरेथेन, नकली चामड्याचं प्लास्टिक) सुद्धा जळत नाही, आणि फिनिश केलेलं अस्सल चामडंही पाणी लगेच पीत नाही. वासाचा तर स्प्रे मिळतो. बघायची ती कापलेली कड. खिशाच्या आत अस्तराची शिवण इंचभर उसवा किंवा पट्ट्याच्या भोकात टॉर्च मारा. चामडं असेल तर केसाळ तंतू दिसतात. रेक्झिन असेल तर वर प्लास्टिकचा पापुद्रा आणि खाली विणलेलं कापड, मधे बहुधा फोम. स्प्लिटवर, म्हणजे चामड्याच्या खालच्या भागावर, पीयूचा थर दिलेला माल मात्र इथेही चकवतो, कारण खाली तंतू खरेच असतात. तो चिमटीत दाबून बघा: अस्सल चामड्यावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पसरतात, थर दिलेल्यावर वरची फिल्म वेगळी उठते.

पीयू दमट हवेत आतूनच तुटत जातो, म्हणून पावसाळ्यात पितळ उघडं पडतं. चामड्याला बुरशी येते, पण ती पुसली जाते.

ऑर्डरच्या मेलचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नव्हे. मूळ मेल समोर उघडायला लावा. कस्टम ड्युटी विकणाऱ्याच्या खासगी यूपीआयवर भरायची नसते.

पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, आणि पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (फसवणूक) खाली तक्रार. चॅट पुसू नका, यूटीआर (बँक व्यवहाराचा संदर्भ) नंबर जपून ठेवा. या व्यवहारात यूटीआर आहे तो फक्त 5,000 चा. उरलेल्या 33,000 चा कागदच नाही.