चॅम्पियन की बॅटल मास्टर?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून खेळायच्या भूमिकाखेळाच्या २०१४ च्या आवृत्तीत तिसऱ्या पातळीवर फायटरला, म्हणजे लढवय्या पात्राला, चॅम्पियन किंवा बॅटल मास्टर यांसारख्या वाटांपैकी एक निवडता येते. चॅम्पियनचा क्रिटिकल वार, म्हणजे नुकसानीचे फासे दुप्पट करणारा वार, वीस बाजूंच्या फाशावर २० बरोबरच १९ वरही लागतो, म्हणजे शक्यता ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर जाते. पण सहा बाजूंचे दोन फासे टाकायला लावणारी मोठी तलवार हाती असली, तरी ही वाढ दर वारामागे नुकसानीत सरासरी ०.३५ एवढीच भरते. बॅटल मास्टरचे डावपेचांवर खर्च करायचे आठ बाजूंचे चार फासे मात्र नुकसानीत सरासरी १८ ची भर घालू शकतात, छोट्या विश्रांतीनंतर परत मिळतात आणि, मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की शत्रूला नेमके केव्हा आडवे पाडून शेजारच्या सोबत्याचा वार सोपा करायचा, हे खेळाडू स्वतः ठरवतो. नवख्याला चॅम्पियन सोयीचा आहे, हे खरे. तरीही मोहिमेत विश्रांती अगदीच दुर्मीळ नसेल, तर मी बॅटल मास्टरच सुचवेन.